घरांतील उलटी शाळा

घर ही माणसाची पहिली शाळा, असें म्हणण्याची चाल जुनी आहे. त्या शाळेंत शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, ह्याविषयीं मात्र कधीं शंका घेतली गेली नव्हती. चालणें, बोलणें, पाहुण्याला नमस्कार करणें, देवापुढें दिवा लावणें, हिशेब ठेवणें हें सर्व वडील माणसांनीं शिकवावें आणि लहानांनीं शिकावें, असा क्रम होता. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हा क्रम एका विषयापुरता उलटला. दूरच्या माणसाशीं बोलण्याचीं जीं नवीं साधनें त्या काळांत निघालीं, तीं आधीं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हातीं रुळलीं. आणि त्यांचे आईबाप त्यांच्या पाठोपाठ, बहुधा त्यांच्याच मदतीनें, तीं शिकले. चाळिशी ओलांडलेला गृहस्थ चष्मा कपाळावर सारून मुलीला विचारूं लागला, "हें पाठवायचें कसें?" आणि मुलगी सांगूं लागली, "बाबा, तें नाहीं, हें दाबा." हा देखावा आज इतका ओळखीचा झाला आहे कीं त्याला कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांत येत नाहीं. पण तो आहे, आणि तो यंत्रांच्या इतिहासाहून निराळा आहे. यंत्रांच्या इतिहासांत कोणतें साधन केव्हां निघालें हें सांपडतें. आईबापांनीं तें कां शिकलें आणि शिकून त्यांच्या पदरांत काय पडलें, हें त्यांत सांपडत नाहीं.

ह्या कथेचा आरंभ मोबाइलपासून न करतां पत्रापासून करणें योग्य होईल. कारण साधन एकाच्या हातीं आणि ओढ दुसऱ्याच्या मनांत, ही विसंगति पत्रांतच प्रथम ठळकपणें दिसून आली. १८५४ सालीं हिंदुस्थानांत अंतर न पाहतां सर्वत्र सारखा टपालखर्च सुरू झाला आणि अर्ध्या आण्यांत पत्र कोणत्याहि गांवीं जाऊं लागलें. १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें, १८८० सालीं मनिऑर्डर आली. कोंकणांतून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेला मजूर ह्या तिहींच्या आधारानें घराशीं जोडलेला राहिला. परंतु त्याच्या आईला वाचतां येत नसे, आणि पुष्कळदां त्यालाहि लिहितां येत नसे. मुंबईस मोठ्या पोस्टाजवळ बसणारा पत्रलेखक मजकूर लिहून देई. गांवीं पोस्टमन किंवा शाळेंत जाणारें एखादें पोर तो वाचून दाखवी. माय-लेकरांच्या बोलण्यांत नेहमीं एक मधलें माणूस हजर असे. कर्जाची गोष्ट, सुनेचें गाऱ्हाणें, दुखण्याची भीति हें सर्व त्या मधल्या माणसाच्या तोंडून जावयाचें. म्हणून त्यांतलें बरेचसें लिहिलेंच जात नसे. 'सर्व खुशाल आहे' ह्या तीन शब्दांआड किती गोष्टी राहून गेल्या असतील, ह्याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं.

मधलें माणूस नको, आपलें आपणांस वाचतां यावें, ही इच्छा प्रौढपणीं पाटी हातीं घेण्याचें एक बळकट कारण होतें. १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेंत गांवोगांवचीं मोठीं माणसें अक्षरें गिरवावयास बसलीं, आणि पुढें ती मोहीम महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत पसरली. पाटीवर पहिला 'ग' काढतांना हात कांपतो तो वयामुळें नव्हे, तर लहानांच्या देखत चुकण्याच्या लाजेमुळें. ती लाज ज्याला गिळतां आली, त्याला अक्षर आलें. हीच गोष्ट पुढें निराळ्या साधनाच्या बाबतींत पुनः घडावयाची होती.

पत्राची आणखी एक बाजू ह्या ठिकाणीं लक्षांत घेण्याजोगी आहे. मराठी पत्राला स्वतःची एक संक्षिप्त लिपि होती. 'ती.', 'चि.', 'रा. रा.', 'सा. न. वि. वि.', 'ता. क.', 'क. लो. अ.' हीं अक्षरें ज्यानें शिकलीं नाहींत त्याला तीं कोड्यासारखीं वाटत. आणि ज्यानें शिकलीं त्याला चार अक्षरांत नातें, वय, मान आणि माया हीं सगळीं दिसत. पुढें मुलांच्या त्रोटक भाषेला हंसणाऱ्या पिढीनें स्वतः अशाच त्रोटक भाषेंत आयुष्यभर पत्रव्यवहार केला होता. भेद इतकाच कीं ही त्रोटक लिपि वडिलांनीं मुलांना शिकविली होती.

टेलिफोनानें हा क्रम मोडला नाहीं. १८८२ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें एक्स्चेंज सुरू झालीं, पण सामान्य घरांत टेलिफोन पोंचावयास पुढें कित्येक दशकें लागलीं. तो आला तेव्हां दिवाणखान्यांत, वडिलांच्या खुर्चीजवळ आला. फोन कोणाचा, कोणासाठीं आणि किती वेळ, हें आधीं घरांतील मोठ्यांस कळे. १९६० सालीं लखनौ आणि कानपूर ह्या दोन शहरांत ऑपरेटरच्या मदतीवांचून परगांवीं थेट फोन करण्याची सोय प्रथम झाली. १९८० नंतरच्या दशकांत एस. टी. डी. बूथ नाक्यानाक्यावर उभे राहिले. वसतिगृहांतलीं मुलें रात्रीं दर उतरण्याची वाट पाहत तेथें रांगेंत उभीं राहत, आणि पलीकडे आई घड्याळाकडे पाहत फोनपाशीं बसे. तरीहि बोलण्याची रीत सर्वांना ठाऊक असलेलीच होती. टेलिफोन उचलण्यास आईबापांना मुलांकडून शिकवणी घ्यावी लागली नाहीं.

हा क्रम उलटण्याची शक्यता मात्र एका विदुषीनें आधींच वर्तविली होती. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनीं १९७० सालीं 'कल्चर अँड कमिटमेंट' ह्या ग्रंथांत समाजाचे तीन प्रकार मांडले. पहिल्यांत लहान मुलें वडिलांकडून शिकतात. दुसऱ्यांत माणसें आपल्या बरोबरीच्यांकडून शिकतात. तिसऱ्यांत वडील माणसांना मुलांकडून शिकावें लागतें, कारण जग इतक्या वेगानें बदलतें कीं वडिलांचा अनुभव पुढच्या वाटेवर दिवा दाखवूं शकत नाहीं. खिशांतला टेलिफोन तेव्हां कोणाच्या ध्यानींमनीं नव्हता. पण पुढच्या पंचवीस वर्षांत तिसरा प्रकार ग्रंथांतून घरांत उतरला.

त्याचा एक ठळक प्रत्यय जपानांत आला. तेथें १९६८ सालीं 'पॉकेट बेल' नांवाचें खिशांत मावणारें यंत्र निघालें होतें. तें वाजलें कीं जवळचा टेलिफोन गांठून कचेरीस विचारावयाचें, एवढेंच त्याचें काम; आणि तें बाळगीत ते फिरते विक्रेते, डॉक्टर व धंदेवाईक माणसें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत त्याच्या पडद्यावर आंकडे दिसूं लागले. ही सोय परत फोन करण्याचा क्रमांक कळावा म्हणून केली होती; परंतु १९९० नंतरच्या दशकांत हें यंत्र शाळकरी मुलींच्या हातीं पडलें आणि त्यांनीं आंकड्यांची भाषा केली. जपानींत एकेका अंकाचे एकाहून अधिक उच्चार होतात. शून्याचा 'ओ', आठाचा 'हा', चाराचा 'यो' असा उच्चार घेतला कीं ०८४० म्हणजे 'ओहायो', अर्थात् सकाळचा नमस्कार. आणि ४६४९ म्हणजे 'योरोशिकु', मराठी पत्रांतील 'लोभ असावा' ह्याच्या जवळपास जाणारा शब्द. मधल्या सुटींत मुली सार्वजनिक टेलिफोनपाशीं रांग लावीत आणि बोटांनीं भराभर आंकडे दाबून असे निरोप पाठवीत. जें यंत्र बापाच्या कचेरीसाठीं घडविलें गेलें होतें, त्याची भाषा मुलीनें घडविली. घरीं तें यंत्र मेजावर पडलेलें असे, बापाला त्यावरचे आंकडे स्वच्छ दिसत, आणि त्यांतलें एक अक्षरहि त्याला वाचतां येत नसे.

१९९९ सालीं जपानी कंपनी एन्‌टीटी डोकोमोनें मोबाइलवर 'आय-मोड' नांवाची सेवा काढली. तिच्यासाठीं शिगेताका कुरिता यांनीं १७६ चिमुकलीं चित्रें तयार केलीं. त्यांतील प्रत्येक चित्र आडव्या बारा आणि उभ्या बारा ठिपक्यांचें होतें. आज जगभर जीं हंसरीं-रडकीं चित्रें संदेशांत पाठविलीं जातात, त्यांच्या वंशावळींत ह्या संचाचें स्थान मोठें आहे. त्याच कंपनीनें वयस्क माणसांसाठीं 'राकु-राकु' ह्या नांवाचे, म्हणजे 'सहजसोपे', मोबाइलहि विकावयास काढले. त्यांचीं अक्षरें मोठीं आणि बटणें थोडीं असत. कारखानदारानें वडिलांसाठीं सोपें यंत्र केलें. मुलांची भाषा सोपी करून देणें मात्र कारखानदाराच्या हातीं नव्हतें. ती घरांतच शिकावी लागे. पॉकेट बेलची जपानांतील शेवटची सेवा २०१९ सालच्या सप्टेंबरांत बंद झाली. ज्या मुलींनीं ती भाषा रचली, त्यांतील कित्येक तोंवर स्वतः आया झाल्या होत्या आणि आपल्या मुलांच्या नव्या खुणांपुढें त्यांच्या आईबापांइतक्याच गोंधळल्या असल्यास नवल नाहीं.

युरोपांत हेंच निराळ्या वाटेनें घडलें. १९८५ सालीं पश्चिम जर्मनींत फ्रीडहेल्म हिलेब्रांड ह्या अभियंत्यानें टंकयंत्रावर मनास येतील तीं वाक्यें लिहून त्यांतलीं अक्षरें मोजलीं. बहुतेक वाक्यें १६० अक्षरांच्या आंत संपत होतीं. पोस्टकार्डांवरचा मजकूरहि बहुधा तेवढ्यांतच भागतो, हें त्यानें जमेस धरलें, आणि मोबाइलवरील लिखित संदेशाची मर्यादा १६० ठरली. म्हणजे नव्या साधनाचें माप जुन्या पोस्टकार्डावरून बेतलेलें होतें. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत पहिला संदेश गेला; त्यांत नाताळच्या शुभेच्छा होत्या. बोलण्याहून लिहिणें स्वस्त पडे, म्हणून हातखर्च मोजका असलेलीं मुलें ह्या संदेशांकडे वळलीं. फिनलंडांत एया-लीसा कासेस्निएमी आणि पिर्यो राउतिआइनेन ह्या तांपेरे विद्यापीठांतील संशोधिकांनीं १९९७ नंतरच्या वर्षांत तेथील मुलांचे संदेश गोळा करून अभ्यासले. एकट्यानें लिहिलेला, एकट्यानें वाचलेला खाजगी मजकूर अशी त्या संदेशांविषयीं मोठ्यांची समजूत होती. प्रत्यक्षांत मुलें ते मिळून रचीत, एकमेकांस वाचून दाखवीत, उतरून ठेवीत. गिरणगांवच्या पत्रासारखेंच इथेंहि तिसरें माणूस हजर होतें. मात्र तें मुलांनीं स्वतः निवडलेलें होतें, आणि तें आईबाप नव्हते.

ह्या भाषेशीं मोठ्यांची पहिली गांठ पडली ती बहुधा अंदाजानें. इंग्रजींत 'एल्. ओ. एल्.' हीं तीन अक्षरें मुलें 'मोठ्यानें हंसूं आलें' ह्या अर्थानें वापरीत. पुष्कळ वडील माणसांनीं त्यांचा अर्थ 'पुष्कळ प्रेम' असा लावला. २०१२ सालच्या मे महिन्यांत लंडनमध्यें वृत्तपत्रांच्या वर्तनाची न्यायालयीन चौकशी चालू असतां एका माजी संपादिकेच्या साक्षींत असें निघालें कीं खुद्द पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आपल्या संदेशांच्या शेवटीं हीं अक्षरें प्रेमपूर्वक म्हणून घालीत, आणि खरा अर्थ कळल्यावर त्यांनीं तें सोडलें. लोक हंसले. पण चूक अडाणीपणाची नव्हती. पत्राच्या शेवटीं माया लिहावी ही जुन्या पिढीची संवय होती आणि तिनें ती नव्या अक्षरांत शोधली. अर्थ विचारून घेतला असतां चूक टळली असती. मात्र विचारावयाचें तें आपल्याहून लहान माणसाला, आणि तेंच मोठ्यांना जड जाई.

मुलांच्या वाटेनें जाणाऱ्या सर्वच आईबापांचा हेतु एक नव्हता. कांहींना मुलांशीं बोलावयाचें होतें. कांहींना मुलें काय बोलतात तें पाहावयाचें होतें. ह्या दोन हेतूंतला फरक फेसबुकाच्या इतिहासांत स्पष्ट दिसतो. २००४ सालीं अमेरिकेंत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीं निघालेली ही सेवा २००६ च्या सप्टेंबरांत तेरा वर्षांवरील सर्वांस खुली झाली, आणि थोड्याच वर्षांत मुलांच्या मागोमाग आईबाप तेथें आले. डॅना बॉइड ह्या संशोधिकेनें २००५ ते २०१२ ह्या काळांत अमेरिकेंतील मुलांच्या मुलाखती घेऊन २०१४ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत एका मुलीची हकीकत आहे. तिचें मन दुखावलें होतें, पण आई वाचील आणि घाबरेल म्हणून तिनें एका आनंदी गाण्याची ओळ लिहिली. आईला वाटलें, मुलगी मजेंत आहे. मैत्रिणींना ठाऊक होतें कीं तें गाणें ज्या चित्रपटांतलें, त्यांत तें मरणाच्या प्रसंगीं म्हटलें जातें. त्यांनीं लगेच विचारपूस केली. आईनें साधन शिकलें होतें, अक्षरें वाचलीं होतीं. खूण मात्र तिच्या डोक्यावरून गेली. ती मुलीच्या बोलण्यांत स्वतःच मधलें माणूस होऊन बसली होती, आणि मुलीनें तिच्या देखत तिला वगळून बोलण्याची युक्ति काढली.

आंकडेहि हेंच सांगतात. अमेरिकेंतील प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २०१४-१५ सालीं तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ७१ फेसबुक वापरीत. २०२२ सालीं तें प्रमाण शेंकडा ३२ वर आलें. ह्याला नव्या सेवांची चढाओढ हें कारण आहेच; तरी ज्या अंगणांत सगळे वडीलधारे खुर्च्या टाकून बसले आहेत, तेथून मुलांनीं खेळ दुसरीकडे हलवावा, ह्यांत अनैसर्गिक असें कांहीं नाहीं. मुलांच्या पाठीमागें धांवून साधनें शिकणाऱ्याला ह्या शर्यतीचा शेवट कधींच सांपडत नाहीं.

भारतांत ही कथा थोड्या उशिरां आणि निराळ्या रंगानें घडली. ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं मोबाइलवरून बोलून ह्या सेवेचा आरंभ केला. सुरुवातीस बोलणाऱ्याप्रमाणें ऐकणाऱ्यालाहि पैसे पडत; २००३ सालीं ऐकणें फुकट झालें. त्या काटकसरीच्या वर्षांत 'मिस्ड कॉल' ही एक अस्सल भारतीय भाषा निर्माण झाली. एकदां वाजवून ठेवला म्हणजे 'पोंचलों', दोनदां वाजवला म्हणजे 'खालीं ये', असे संकेत घराघरांत ठरले. ही भाषा आईबापांना शिकवावी लागली नाहीं. फुकटांत खुशाली कळते, हें त्यांना मुलांच्या आधीं समजलें. पुणें-मुंबईच्या वसतिगृहांत गेलेल्या मुलाची एक अर्धवट घंटा ऐकून आई दिवा मालवून झोंपावयास जाई.

लिखित संदेशाची गोष्ट मात्र कठीण होती, आणि ती कठीण होण्याचें कारण वय नसून लिपि होती. मोबाइलवर बारा बटणें. त्यांवर रोमन अक्षरें. एका संदेशांत रोमन अक्षरें १६० मावत, देवनागरी अवघीं ७०. त्यांतहि काना, मात्रा, वेलांटी हीं प्रत्येकी स्वतंत्र अक्षर म्हणून मोजलीं जात. मराठींत लिहिणें म्हणजे निम्म्याहून कमी जागेंत लिहिणें, आणि लांबलें तर दोन संदेशांचे पैसे भरणें. मुलांनीं रोमनमध्यें मराठी लिहावयास सुरुवात केली आणि आईबापांना तेंच करावें लागलें. ज्या स्त्रीनें शाळेंत कित्ता गिरवून बाळबोध वळण कमावलें, तिला आपल्याच मुलाला 'जेवलास का?' हें परक्या अक्षरांत विचारावें लागलें. त्या अक्षरांत 'ट' आणि 'त' एक, 'न' आणि 'ण' एक, 'ल' आणि 'ळ' एक. काल, काळ, कळ आणि कल ह्या चारी शब्दांचें रूप सारखेंच दिसे. पत्रांत ज्यांचें अक्षर मोत्यासारखें म्हणून नांवाजलें होतें, त्यांचें लिखाण नव्या साधनांत शिकाऊ पोरासारखें दिसूं लागलें. ह्या पिढीचें मौन पुष्कळदां यंत्राच्या भीतीचें मानलें गेलें. त्यांत आपली लेखणी हरवल्याचें दुःखहि होतें.

त्यांची अडचण टप्प्याटप्प्यानें सुटली. २००९ सालीं निघालेल्या व्हॉट्सॲपवर २०१३ च्या ऑगस्टांत आवाजाचे निरोप पाठविण्याची सोय झाली. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट फार स्वस्त झालें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत व्हॉट्सॲपवर एकमेकांस पाहून बोलतां येऊं लागलें. २०१७ च्या ऑगस्टांत गूगलनें मराठी बोललेलें ऐकून तें देवनागरींत उमटविण्याची सोय दिली. जिला पत्र कधीं लिहितां आलें नाहीं, अशी आजी बटण दाबून धरून परदेशांतल्या नातवाला थेट आपल्या आवाजांत 'थंडीचें कानाला बांध रे' म्हणूं लागली. पोस्टाजवळचा पत्रलेखक आणि गांवचा पोस्टमन तिच्या वाटेंतून बाजूला झाले. ह्या साधनांच्या एकंदर इतिहासांत ह्याहून मोठें कार्य क्वचितच झालें असेल. परंतु त्याबरोबर एक नवें दुखणेंहि आलें. २०१४ च्या नोव्हेंबरांत निरोप वाचला गेल्याच्या दोन निळ्या खुणा दिसूं लागल्या. पत्राचें उत्तर आलें नाहीं तर टपालखात्याला दोष देतां येई. निळ्या खुणा दिसल्यावर तो आधारहि राहिला नाहीं. मुलानें वाचलें आणि उत्तर दिलें नाहीं, एवढें सत्य आईच्या हातांत उरलें.

साधन अर्धवट शिकलें तर काय होतें, ह्याचा दारुण दाखला महाराष्ट्रानेंच पाहिला. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें जमावानें पांच निरपराध भिक्षेकऱ्यांस ठार मारलें. मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरल्या होत्या. ही अफवा आईबापांच्या सर्वांत कोंवळ्या जागीं नेमकी लागणारी होती. मुलांच्या काळजीनें हातांत घेतलेलें साधन मुलांच्याच काळजीनें आंधळें झालें. निरोप पुढें कसा ढकलावा हें शिकणें सोपें होतें. तो कोणीं, कां आणि कशावरून लिहिला हें विचारणें कोणीं शिकविलें नव्हतें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठविण्यास बंदी घातली. गणित यंत्रानें आवरलें. विवेकाचा धडा घरावर राहिला.

२०२० च्या मार्चांत शाळा बंद झाल्या, आणि जूनमध्यें नवें वर्ष सुरू झालें तें अनेक घरीं मोबाइलच्या पडद्यावर. जे बाप तोंवर मुलाच्या हातांतून मोबाइल काढून घेत, तेच आतां स्वतःचा मोबाइल त्याच्या हातीं देऊं लागले. एका घरांत एक मोबाइल आणि दोन मुलें, अशा ठिकाणीं कामावर जाणाऱ्या बापाबरोबर शाळाहि घराबाहेर जाई. वर्गांत कसें शिरावें, गृहपाठाचें छायाचित्र कसें पाठवावें, हें आयांनीं मुलांच्या शेजारीं बसून शिकून घेतलें. पूर्वींच्या कोणत्याहि साधनाच्या शिकवणींत मायलेकरें अशीं एका पडद्यापुढें, एकाच अडचणींत, दिवसचे दिवस बसलीं नव्हतीं.

आतां ही शिकवणी कायद्याच्या कक्षेंत आली आहे. भारताच्या २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरावयाची तर आईबापांची पडताळतां येण्याजोगी संमति आवश्यक ठरविली. कायद्याचा हेतु उघडच मुलांच्या हिताचा आहे. पण त्यानें एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे संमति देणाराला आपण कशाला संमति देतों हें कळतें. ज्या घरांत बापाला पडद्यावरचें इंग्रजी वाचून दाखविणारा मुलगाच आहे, तेथें संमतीसाठीं अंगठा कोठें ठेवावा हेंहि तोच मुलगा दाखवील. दीडशें वर्षांपूर्वीं पत्र वाचून दाखविणारें पोर जसें मायलेकरांच्या मध्यें उभें होतें, तसेंच तें आज पालक आणि कायदा ह्यांच्या मध्यें उभें आहे. शिवाय पडद्याच्या आड एक न दिसणारी कंपनी ऐकत बसली आहे. तेव्हां बटणें शिकण्यावर आतां भागणार नाहीं. समोर लिहिलें आहे काय, मागितलें जात आहे काय आणि नाहीं म्हणतां येतें काय, हें वडिलांनीं स्वतः वाचावयास शिकणें हा ह्या शाळेचा पुढचा इयत्ता-बदल आहे.

पोस्टकार्डापासून पडद्यापर्यंतच्या ह्या वाटेवर आईबापांना दोन प्रकारांनीं शिकतां आलें. ज्यांनीं मुलांच्या मागें उभें राहून, त्यांच्या खांद्यावरून वाचण्यासाठीं साधन शिकलें, त्यांना वाचावयास मिळालें तें मुलांनीं त्यांच्यासाठीं मुद्दाम लिहिलेलें. ज्यांनीं शेजारीं बसून 'हें कसें करायचें तें मला दाखव' असें म्हटलें, त्यांना बटणांबरोबर आणखी कांहीं मिळालें. शिकवितांना मूल बोलतें. चूक झाली कीं हंसतें. हंसतां हंसतां आपल्या मित्रांचें, शाळेचें, कधीं भीतीचेंहि सांगून जातें. साधन वर्षा-दोन वर्षांत जुनें होतें आणि शिकवणी पुनः पहिल्यापासून सुरू करावी लागते, ही पालकांची नेहमींची तक्रार आहे. पण तेवढ्याच निमित्तानें मूल पुनः एकदां शेजारीं येऊन बसतें.